शेवटच्या कडव्यातलं नाव

एकतीस डिसेंबरला दुपारी अंगणवाडीतल्या सव्वीस लेकरांच्या ताटल्यांत खिचडी वाढून झाली, आणि मदतनीस पार्वतीबाईनं आपला मोबाइल सेविका महामायासमोर धरला.

"ताई, तुमच्या घरचा व्हिडिओ आलाय बघा. लई गोड केलाय."

व्हिडिओचं नाव होतं, 'सोनकांबळे परिवाराचं सोनेरी वर्ष'. मुलानं, नागसेननं, तो मोबाइलवर जुळवला होता. तसं करायला सांगणारा अर्थातच त्याचा बाप. आनंदराज सोनकांबळे, नांदेडात सरकारी कचेरीत कारकून, आणि कचेरी सुटल्यावर 'आनंदराज आणि पार्टी' या गायन पार्टीचे सर्वेसर्वा. पार्टी म्हणजे घरचीच चार माणसं. आनंदराज पेटीवर, बायको महामाया गायला, मुलगी धम्मप्रिया ढोलकीवर आणि नागसेन कोरसला, शिवाय गाडी चालवायला. नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांतून जयंतीचे, बुद्धपौर्णिमेचे कार्यक्रम ही पार्टी गेली अकरा वर्षं करत होती.

महामाया आधी हसतच बघायला लागली. पहिल्या फोटोत जुनी क्रूझर घेतली त्या दिवशीचं हार घातलेलं बोनेट. मग कंधारच्या किल्ल्यावर चौघं, आनंदराज गॉगल लावून तोफेवर हात ठेवून उभा. त्या दिवशी पहाटे चारला उठून पन्नास धपाटे तिनं थापले होते, ते काही फोटोत नव्हते. मग घराचा स्लॅब टाकला तो दिवस. धम्मप्रियाला लातूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला तो दिवस. देगलूरच्या रस्त्यावर नाल्याच्या पाण्यात क्रूझर अडकली, तेव्हा साडी खोचून मागून गाडी ढकलणारी महामाया आणि पुढून 'जोर लावा' म्हणून हात करणारा आनंदराज. हाही फोटो होता, कारण तो काढायला सगळ्यांना वेळ मिळाला होता. नागपूरला दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांत चौघं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कापलेला केक.

वर्ष चांगलं गेलं होतं, तिलाही तसंच वाटत होतं. पण तिचं लक्ष फोटोंवरून उडालं, कारण मागं गाणं वाजत होतं आणि ते गाणं तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

*माझ्या माईनं अंगठा टेकला, पदराला पुसली शाई*
*म्हणाली, लेका, तू तरी करशील का रं सही*

आवाज आनंदराजचा होता. लेका? महामायानं मोबाइल कानाशी नेला. तिनं लिहिलं होतं लेकी. कडव्यामागून कडवी गेली आणि शेवटचं आलं.

*आनंदराज म्हणे, माय, तुझ्या पायापाशी राही*
*तुझ्या अंगठ्याच्या शेजारी ही घे माझी सही*

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आपल्याकडं गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, हे ज्यानं एकदा कार्यक्रम ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. कागद हरवतात, वह्या वाळवी खाते, पण नाव गाण्यातच बसवलेलं असलं की गाणं जिथं जाईल तिथं रचणाऱ्याला घेऊन जातं. दुसऱ्याचं गाणं गाणारा एकवेळ चाल बदलेल, पण ते नाव बदलणार नाही. दुसऱ्याच्या शेतात रात्रीतून बांध सरकवणाऱ्याला गाव जे म्हणतं, तेच नाव बदलणाऱ्याला म्हणतात. आनंदराज हे तरण्या पोरांना पेटीवर बोट आपटून आपटून सांगायचा.

"ताई, तुमच्या मालकाची माय लई कष्टाची होती म्हना की," पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाली.

"हाव," महामाया म्हणाली. खिचडीचा डाव तिनं पातेल्यात असा टाकला की दोन लेकरं दचकून रडायला लागली.

त्या गाण्यातली माय म्हणजे धुरपताबाई, महामायाची आई. नायगावजवळच्या खेड्यातली. जन्मभर रोजगार हमीच्या कामावर माती उचलली. आठवड्याला हजेरीच्या मस्टरवर अंगठा द्यायचा आणि शाई पदराच्या टोकाला पुसायची. ते टोक कायम निळं असायचं, धुऊनही निघायचं नाही. पोरीला शाळेत घालताना मास्तरपुढं अंगठा टेकवला आणि तसाच पदराला पुसत म्हणाली, "ह्यो माझा शेवटचा. हितून पुढं तू सही करायची." सहा वर्षांपूर्वी ती वारली. तेव्हापासून हे गाणं महामायाच्या घशाशी होतं, पण बाहेर पडत नव्हतं. यंदा पावसाळ्यातल्या वर्षावासात, विहारातलं रोजचं ग्रंथवाचन आटोपून घरी येताना, एका संध्याकाळी पहिली ओळ सुचली. मग दीड महिना भाकरी थापताना, अंगणवाडीची रजिस्टरं लिहिताना, क्रूझरच्या मागच्या सीटवर बसून ती कडवी जुळवत होती. पार्टीतली निम्मी गाणी तीच रचायची, पण त्यात नाव टाकायची नाही. पार्टीचं गाणं म्हणून सोडून द्यायची. या एकाच गाण्यात तिनं आपलं नाव घातलं होतं. कारण गाणंच सहीचं होतं. माईला दिलेला शब्द होता तो.

संध्याकाळी आनंदराज कचेरीतून पेढे घेऊनच आला.

"माया, बघितलंस का? अकरा हजार लोकांनी बघितलं दुपारपातूर."

"ते गाणं कुणाचं हाय?"

"आपलंच की."

"आपलं म्हंजे कुणाचं?"

तो बूट काढायला खाली वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. "पार्टीचं. तू तिकडं सर्व्हेच्या ड्युटीवर होतीस नोव्हेंबरात, स्टुडिओ एकाच दिवसाचा भेटला. म्या म्हणून टाकलं. पार्टी आनंदराजची आन गाण्यात नाव भलत्याचंच, हे लोकास्नी कसं दिसंल?"

"भलत्याचं? म्या भलती?"

"शब्दाला धरू नकोस. घर एक, कमाई एक, मग नाव एक असलं तर काय बिघडलं?"

"नाव माझं होतं आन माय माझी होती. तुमची माय गावाकडं बसून मजेत विडा कुटून राहिली."

"माय सगळ्यांचीच असती, माया. म्या तुझ्या माईला मायच मानलं."

महामायाला या वाक्यावर जी चीड आली तिला तोड नव्हती. धुरपताबाई जिवंत होती तेव्हा हा माणूस तिच्या खोपट्यात चहाला टेकला की घड्याळ बघायचा. तिच्या दुखण्यात महामाया अठरा दिवस दवाखान्यात होती, तेव्हा याला कार्यक्रमाची तालीम होती. आता ती मेल्यावर, तिच्या अंगठ्याला लोक रडायला लागल्यावर, ती याची माय झाली.

"काढा तो व्हिडिओ."

"बरं, बघतो," म्हणाला, आणि बघितलं ते फक्त किती जणांनी बघितलं ते. तिसऱ्या दिवशी आकडा चाळीस हजारांवर गेला होता. आता काढला तर लोक काय म्हणतील, हे त्याचं नवं पालुपद झालं.

लातूरहून सुट्टीला आलेल्या धम्मप्रियालाही तिनं सोडलं नाही. "ढोलकी तू वाजवलीस. तुझ्या हाताखालून गेलं गाणं. तुला लेका ऐकू आलं न्हाई का गं?"

"मम्मी, पप्पा म्हनाले तुला इचारलंय म्हनून."

"आन तू मला इचारलंस का?"

पोरगी आतल्या खोलीत निघून गेली. महामायाला तिची दया आली नाही. नागसेन तर म्हणाला, "मम्मी, वर्षाचा एवढा भारी व्हिडिओ झाला आन तू एका नावावरनं तोंड पाडून बसलीस." त्या दिवशी त्याच्या ताटात भाकरी पडली ती वरून पडली.

मग खरा तमाशा सुरू झाला. कोंडाबाई, आनंदराजची आई, गावाहून आली. बहात्तर वर्षांची, ठणठणीत, कडक इस्त्रीचं लुगडं नेसणारी. तिचा बाप निजामाच्या काळापासून वस्तीत कुणाकुणाची पत्रं वाचून द्यायचा, त्यानं पोरीला चौथीपर्यंत शिकवलं होतं. ग्रामपंचायतीत दोनदा निवडून आली होती, झोकात सही करायची. पण लेकानं आपल्यावर गाणं केलं आणि ते अख्खा जिल्हा ऐकतोय म्हटल्यावर तिचा पाय जमिनीवर ठरेना.

"माझ्या लेकरानं माझे कष्ट जगापुढं आनले," ती गल्लीतल्या बायकांना सांगायची.

महामाया भांडी घासता घासता आतून सासूवर ओरडायची, "कंच्या मस्टरवर गेला होता तुम्ही, मामी?"

"अगं, कष्ट का मस्टरवरच असत्यात?" कोंडाबाई म्हणायची, आणि पुढं काही सांगायच्या आत चहा मागायची.

जानेवारीपासून जिथं जावं तिथं त्याच गाण्याची फर्माईश. नायगावला, देगलूरला, उदगीरला. देगलूरला तर तेलुगू बोलणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा शेवटची ओळ पाठ म्हणत होत्या. गाणं लोकांच्या तोंडी बसलं की रचणाऱ्याला याहून दुसरं काय हवं असतं? आणि महामायाला ते ऐकताना कुणी कानात उकळतं तेल ओतावं तसं व्हायचं. आनंदराज त्या गाण्याला उभा राहिला की ती मंचावरून खाली उतरायची आणि मंडपामागं जाऊन उभी राहायची. तिथंही ऐकू यायचंच. एकदा नायगावच्या कार्यक्रमात, जिथून तिच्या आईचं खोपटं चार कोसांवर, एका बाईनं आनंदराजच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "दादा, तुमच्या माईसारखीच माझी माय होती." आनंदराजनं डोळे मिटून हात जोडले. महामाया दोन हातांवर उभी होती. तिला वाटलं, या माणसाची पेटी उचलावी आणि त्याच्याच डोक्यात घालावी.

पार्टी सोडून का दिली नाही, असं तिला बहिणीनं फोनवर विचारलं. "सोडली तर गाणं सुटंल," ती म्हणाली. "ते तिथं हाय तवर म्या पन तिथंच हाय."

एप्रिल आला. जयंतीचा महिना म्हणजे रोज एक गाव, कधी दोन. पंधरा दिवसांत आनंदराजचा घसा पार बसला. लातूरच्या एका नगरातला मोठा कार्यक्रम तेवढ्यात आला. त्या मंडळाच्या पत्रिकेतच छापलं होतं, 'अंगठा' या गाजलेल्या गीताचे कवी आनंदराज सोनकांबळे यांचा मातोश्रींसह सत्कार. क्रूझरमध्ये तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज ते गाणं तू म्हन. मला सूर लागंना. फकत नाव बदलू नकोस. लोकांच्या पाठ झालंय, घोटाळा व्हतो."

धम्मप्रिया हॉस्टेलवरून थेट मंडपात येणार होती. कोंडाबाई पुढच्या सीटवर नवीन पांढरी साडी सावरत बसली होती.

ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. पटांगण गच्च भरलेलं, डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष. आधी सत्कार. मंडळाचे अध्यक्ष ज्ञानोबा सर भला माणूस, भाषण मात्र लांबलचक. त्यांनी कोंडाबाईंना खुर्चीवर बसवलं, शाल घातली, आणि मग मंडळाच्या डोक्यातून निघालेली खास गोष्ट पुढं आली. मोठी सुंदर चौकट, मधे कोरी जागा, आणि एका तबकात निळ्या शाईचं पॅड.

"या माउलीच्या अंगठ्याचा ठसा," सर माईकवर म्हणाले, "आमच्या वाचनालयात कायमचा लागेल. ज्या अंगठ्यानं कवी घडवला, तो अंगठा!"

टाळ्या कडाडल्या. कार्यकर्त्यानं कोंडाबाईंचा डावा हात धरला आणि अंगठा पॅडकडं नेला. कोंडाबाईंनी हात असा हिसडला की तबक हललं.

"मी काय अंगठेबहाद्दर हाय व्हय रे?" माईक जवळच होता, सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. "चौथी पास हाय मी! दोनदा मेंबर होते! पेन आन हिकडं!"

आणि तिनं पेन घेऊन त्या कोऱ्या जागेत, एकेक अक्षर वळणदार काढून, सही केली. कोंडाबाई किशनराव सोनकांबळे.

मंडपात कुजबुज सुरू झाली. सर गोंधळले. कुणी हसलं. आनंदराजनं पेटीवरून उठून माईक घेतला. महामायाला वाटलं, आता तरी. आता याला दुसरी वाटच नाही. आता हा खरं सांगणार. तिनं त्याच्याकडं बघितलं.

"मित्रहो," तो बसलेल्या आवाजात म्हणाला, "गैरसमज नसावा. कवी कल्पना करत असतो. गाण्यातली ती माय कुणा एकीची नाही. अशी कुणी बाई नव्हती. ती निव्वळ कल्पना आहे."

लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. टाळ्यासुद्धा पडल्या.

महामायाला आजवर वाटत होतं की चोरीच्या पुढं काही नसतं. नाव नेलं, आई नेली, पण निदान धुरपताबाई जगात होती एवढं तरी गाण्यात उरलं होतं. आता या माणसानं तेही पुसलं. सदतीस वर्षं मातीच्या पाट्या उचललेली बाई, निळ्या पदराची, तिच्या डोळ्यांदेखत, हजार माणसांपुढं, नव्हतीच झाली. राग आता तिच्या अंगात मावेना. घसा मात्र लख्ख मोकळा झाला.

"आता सौ. महामायाताई ते गीत सादर करतील," सर म्हणाले.

तिनं माईक घेतला. धम्मप्रियानं ढोलकीवर थाप दिली, आनंदराजनं पेटी धरली. पहिल्याच कडव्यात तिनं लेकी म्हटलं. बायकांच्या बाजूला दोघी-चौघींनी एकमेकींकडं बघितलं. कडवी सरली. शेवटचं आलं.

*महामाया म्हणे, माय...*

आणि अख्खं पटांगण तिच्यावरून गेलं. *आनंदराज म्हणे, माय!* हजार गळे, टाळ्यांच्या ठेक्यात, हौसेनं, प्रेमानं. तिचा आवाज त्यात बुडाला. ती चुकली असं समजून पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तिला हातानं खूण केली, असं न्हाई बाई, असं. पेटीनंही तिला सोडून लोकांची साथ धरली होती. आनंदराज माईककडं वाकून हसत म्हणाला, "बाईमाणूस हाय, भावनेच्या भरात चुकतं."

लोक हसले. गाणं संपलं असं समजून माणसं सैल झाली.

महामाया जागची हलली नाही.

"चुकले न्हाई," ती म्हणाली. "आन ती कल्पना बी न्हाई. तिचं नाव धुरपताबाई. नायगावच्या रस्त्याची माती तिनं टाकली, त्या रस्त्यानं आज बी गाड्या पळत्यात. सहा वर्सं झाली तिला जाऊन. ती माझी माय. हे गाणं म्या रचलं."

उजवीकडून कुणीतरी म्हणालं, "नवरा-बायकोचं घरी मिटवा की." ज्ञानोबा सर आनंदराजकडं बघत होते, आनंदराज पेटीच्या पट्ट्यांकडं. खुर्चीवरची कोंडाबाई शाल घट्ट ओढून लेकाकडं बघत होती.

महामायानं तेच कडवं पुन्हा उचललं. *महामाया म्हणे, माय.* पेटी वाजली नाही. लोक म्हणाले, *आनंदराज*, पण यावेळी अर्धेच, आणि त्यांचा ठेका चुकला. तिनं ओळ मधेच सोडली आणि परत पहिल्यापासून धरली. आता ढोलकी आली. धम्मप्रियाचा चेहरा रडवेला होता, हात मात्र पक्का पडत होता. बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, कापरा, म्हातारा. *महामाया.* मग आणखी दोन. पुरुषांच्या बाजूला अजून आनंदराजच चालला होता. दोन नावं मंडपात एकमेकांवर आदळत होती आणि कडवं काही पुरं होत नव्हतं.

आनंदराजनं पेटीचा भाता मिटला. मान वर न करता, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "माया, बास. किती वेळा म्हननार हायेस?"

तिनं माईक तोंडासमोरून हलवलासुद्धा नाही.

"तुमचं नाव निघंपातूर," ती म्हणाली, आणि चौथ्यांदा तेच कडवं धरलं.